बिबट्याच्या पिंजऱ्यातला कडीचा डबा

घाबरू नका, मी डबा बोलतोय. साधा स्टीलचा, कडीचा डबा. चहाची एक पुडी मावेल एवढाच. आता 'घाबरू नका' हे मी उगाच म्हणत नाही. एकदा बागेत जमलेली सगळी माणसं मला बघून मागे सरली होती आणि एक चांगला धट्टाकट्टा बाप्या लांबून काठीनं मला ढोसत होता. मी तेव्हा बिबट्याच्या पिंजऱ्यात होतो. खुद्द बिबट्याला कोणी इतकं भ्यायलं नसेल. पण सगळं पहिल्यापासून ऐका बुवा. अर्धंच ऐकून उठायची सवय वाईट. त्यानं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

कोणत्या कारखान्यात घडलो ते काही आठवत नाही. आठवतं ते बुऱ्हाणपूरच्या इतवारा पेठेतलं भांड्यांचं दुकान. तिथे एक दिवस भागाबाई आली. काळीसावळी, काटक, नऊवारी खोचलेली. तिनं मला बोटानं टणटण वाजवलं, कडी उघडली, लावली, पुन्हा उघडली आणि दुकानदाराला म्हणाली, "झाकन ढिल्लं हाय याचं."

ढिलं? माझं? खरं सांगतो, तेव्हाच ती बाई माझ्या मनातून उतरली. पण घेतलं तिनं मलाच.

आपल्याकडे लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून द्यायचं ही रीत आहे. नाव नसलेलं भांडं म्हणजे काय, बिनटोपीचं पोस्टकार्ड... जाऊ द्या, मला उपमा जमत नाहीत. नाव घालणाऱ्यानं ते टर्रर्र वाजणारं यंत्र माझ्या पोटावर चालवलं. दुखलं. माझ्या अंगाभोवती गोल फिरवून त्यानं लिहिलं: 'भागाबाई उखर्डू यांजकडून चि. उषास सप्रेम भेट'. आता मी गोल, आणि अक्षरं चांगली ठसठशीत. म्हणजे समोरून पाहिलं तर एका नजरेत मावतं एवढंच: 'भागाबाई'. बाकीचं वाचायचं असेल तर मला हातात घेऊन फिरवावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळं अडलं.

उषा ही भागाबाईच्या शेजारच्या मास्तरांची मुलगी. भागाबाईला मूलबाळ नाही. तिचा नवरा उखर्डू गावातल्या जुन्या बागेत प्राण्यांना खाऊ घालायचा. त्या काळी तिथे हरणं होती, माकडं होती, मोर, एक आळशी मगर आणि एक बिबट्या. छोट्या उषेला बोटाला धरून भागाबाई रोज बिबट्या दाखवायला न्यायची. अशा पोरीच्या लग्नात ऐपतीप्रमाणे काय द्यायचं? तर मी.

उषेच्या सासरी, म्हणजे इतवाऱ्यातच दोन गल्ल्या पलीकडे, मी आधी लवंगा-वेलदोडे सांभाळले. मग तिथे काचेच्या बरण्या आल्या आणि माझ्यात सुटी बटणं आली. मग बटणंही गेली. मी फळीच्या मागे, मग माळ्यावर. नवीन भांडं आलं की जुन्याला कोण विचारतं? माणसांत तरी दुसरं काय होतं! इकडे प्राण्यांना ट्रकात घालून मोठ्या शहरात नेलं, पिंजरे तेवढे राहिले. उखर्डू गेला. भागाबाई बागेच्या फाटकाशी शेगडी घेऊन भुट्टे भाजून विकू लागली. हे मला माळ्यावर उषेच्या बोलण्यातून कळायचं. "आज भागामावशीकडून भुट्टे आणले" असं ती म्हणायची, आणि मला वाटायचं, बघा, झाकणाला नावं ठेवणारी बाई!

माझं नशीब पालटलं ते उषेच्या मुलीमुळे, वंदनामुळे. ती इंदूरला शिकून आली आणि गावातल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवू लागली. येताना एक खूळ घेऊन आली. जिओकॅशिंग म्हणे. दुनियाभर माणसं डबे लपवतात, मोबाईलच्या नकाशावर ठिपका टाकतात, आणि दुनियाभर माणसं ते डबे हुडकत फिरतात. सापडल्यावर करायचं काय? काही नाही! आतल्या कागदावर नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तिथे परत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

पण तिनं आईला न विचारता मला माळ्यावरून काढलं, घासलं, माझ्यात प्लास्टिकचा एक पिवळा बिबट्या ठेवला, एक कान तुटलेला, आणि मला बागेत नेलं. बिबट्याच्या पिंजऱ्यात मागच्या भिंतीला एक कोनाडा आहे. उखर्डू तिथे बिबट्याच्या पाण्याचं भांडं ठेवायचा. तिथे तिनं मला बसवलं. वर इंग्रजीत एक चिठ्ठी चिकटवली, 'हा खेळ आहे, कृपया हलवू नये' अशा अर्थाची. इंग्रजीत! बुऱ्हाणपूरच्या बागेत! पहिल्या ओलीनं ती गळून पडली ते बरंच झालं म्हणायचं, तसंही कोण वाचणार होतं.

ते दिवस माझे फार सुखाचे गेले. कॉलेजची पोरं यायची. असीरगड बघायला आलेली माणसं वाट वाकडी करून यायची, मोबाईल नाकासमोर धरून पिंजऱ्याभोवती घिरट्या घालायची, आणि सापडलो की लहान पोरासारखी ओरडायची. इच्छादेवीचं दर्शन करून आलेल्या एका कुटुंबानं माझ्यात कुंकवाची पुडी ठेवली. कोणी बांगडी ठेवली. कोणी चॉकलेट ठेवलं, त्याला मुंग्या लागल्या. अरे, खायची वस्तू ठेवू नये एवढं तरी समजू नये!

एक दिवस वंदना मला उघडून कागद बदलत होती तेव्हा दुर्गा आली. बागेमागच्या वस्तीतली, पावरलूमवाल्याची पोरगी. डोळे मोठ्ठे. वंदनानं तिला खेळ समजावला. दुर्गाला बिबट्या हवा होता. ती पळत घरी गेली आणि स्वतःची चिंध्यांची बाहुली घेऊन आली. बाहुलीचे लोकरीचे केस कधीच गळले होते, म्हणून या बयेनं आपल्या वेणीचं टोक कापून ते केस बाहुलीला शिवले होते.

"आईला माहितीये?" वंदनानं विचारलं.

"नाई ना! मम्मी मारेल," दुर्गा म्हणाली. "तुम्ही बोलू नका हं, दीदी."

वंदना हसली. कागदावर दुर्गानं मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं आणि बिबट्या मुठीत घेऊन गेली. बाहुली माझ्या पोटात राहिली.

आणि त्याच पावसाळ्यात ती वेण्यांची अफवा उठली.

तुम्हाला आठवत असेल. कोणी तरी अदृश्य येतं आणि बायकांच्या वेण्या कापून नेतं, असं म्हणत होते. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये नुकतंच स्वस्त नेट आलं होतं, मग काय, दिवसभर तेच. दारांना लिंबू-मिरच्या टांगल्या, उंबऱ्यांवर हळदीचे पंजे उठले. बागेत संध्याकाळी चिटपाखरू फिरकेना. मला शोधायलाही कोणी येईना. कुंकवाची पुडी ओलीनं फुटली आणि माझं सगळं पोट लाल झालं. बाहुली लाल, कागद लाल.

एक दिवस सकाळी बागेचा माळी सुपडू पिंजऱ्यातलं वाढलेलं गवत कापायला आला. त्याचा विळा कोनाड्याला लागला, मी घरंगळलो आणि गजांच्या आतबाहेर पसरलेल्या दगडी ओट्यावर आपटलो. झाकण उघडलं. झालं! झाकण ढिलं आहे हे मी आज कबूल करतो. बाहुली केसांसकट बाहेर आली, मागोमाग तो लाल कागद.

"माय वं!" सुपडूनं विळा टाकला आणि पळत सुटला. "करनी! पिंजऱ्यात करनी हाय!"

बघता बघता माणसं जमली. पिंजऱ्याच्या आत कोणी येईना. सुपडू काठी घेऊन आला आणि गजांमधून मला ढोसू लागला. मी फिरलो आणि नावाची बाजू गजांकडे झाली. तोंडाशी मोबाईल धरलेला गोटू नावाचा एक तरुण वाकला.

"अरे, हात मत लगाओ कोई! नाव लिखा है इसपे." त्यानं मोठ्यानं वाचलं, "भा-गा-बा-ई."

कोणी तरी म्हणालं, "फाटकावरची?"

मी आतून ओरडत होतो. फिरवा ना मला! अजून लिहिलंय! पूर्ण वाचा! पण डब्याचा आवाज वाजवल्याशिवाय निघत नाही, आणि मला हात लावायची कोणाची छाती नव्हती. गोटूनं माझा फोटो काढला, तेवढ्याच बाजूचा, आणि गावभर पाठवला.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे घुसली. दुर्गाची आई, कमल. दुर्गा तापानं फणफणून दवाखान्यात पडली होती. ताप डोक्यात गेला होता, पोर बरळत होती. कमल कपडे न्यायला घरी आली होती, गलका ऐकून इकडे वळली. तिनं बाहुली पाहिली. स्वतःच्या हातानं शिवलेली बाहुली ती ओळखणार नाही? तिच्या डोक्यावरचे केस पाहिले. लाल झालेल्या कागदावर लेकीचं नाव पाहिलं.

"हे माह्या दुर्गीचे केस व्हय!" तिनं असा टाहो फोडला की माझ्या पत्र्याला कंप सुटला. "तरी म्हनलं पोरीची वेनी कोनं कापली! विचारून विचारून थकली मी. कोनं खाल्लं वं माह्या पोरीले!"

तिला दोष कसा देऊ? लेकरू तिकडे मरणाच्या दारात आणि इकडे हे असं. पण गर्दीला तेवढंच हवं होतं. फाटकावरून भागाबाईला धरून आणलं. शेगडी कोणी तरी लाथेनं उलटी केली असावी, कारण तिच्या लुगड्याच्या काठाला राख होती. हातात अर्धं कापलेलं लिंबू होतं, भुट्ट्याला चोळायचं.

"बघा! लिंबू हाय हातात!" एक बाई किंचाळली. कालपर्यंत हिनंच त्या लिंबानं चोळलेले भुट्टे खाल्ले असतील.

"मले काबरं धरता रे?" भागाबाई म्हणत होती. "म्या काय केलं? सुपडू, तू तरी सांग ना रे भाऊ." सुपडूनं मान खाली घातली. रोज तिच्या शेगडीवर चहा उकळून घ्यायचा हा माणूस.

मग तिनं मला पाहिलं.

तिनं मला ओळखलं, अगदी पहिल्या नजरेत. इतक्या वर्षांनी! तिचे डोळे माझ्या कडीवर थांबले, मग त्या बाहुलीवर, मग परत माझ्यावर. कोणाला दिला होता हा डबा, ते तिला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, सुटलो! बोल, बाई, बोल. 'मी हा उषाला दिला होता' एवढं वाक्य आणि ही माणसं तुला सोडतील.

"डबा तुझाच ना?" गोटूनं विचारलं.

"नाव माह्यं हाय," ती म्हणाली.

"मंग कोनाले दिला होता? का तूच ठेवला?"

भागाबाईनं तोंड मिटलं. मी वाट बघत राहिलो. ती बोलेचना. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिनं तोंड उघडलं तर ही गर्दी इथून उठून थेट उषेच्या दारात जाईल. उषेच्या घरात तरणी मुलगी आहे. हे त्या बाईनं एका क्षणात जाणलं होतं. आणि मी मूर्ख, वर्षानुवर्षं झाकणाचा राग धरून बसलो होतो.

"सांगत नाय म्हंजे हिनंच केलं!"

"हिचेच केस कापा! मंग करनी उतरन!"

कात्री कुठून आली देव जाणे. कोणी तरी तिचा पदर ओढला, कोणी तरी अंबाडा धरला. कमल तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून हात जोडत होती, "काढून घे वं म्हातारे, माह्या पोरीवरून काढून घे, मी तुह्या पाया पडते." भागाबाई तिला म्हणाली, "बाई, माह्याकडे काई असतं त काढलं नसतं का? तुह्या पोरीले भुट्टा देल्याबिगर म्या कधी जाऊ देलं का?" कात्री चालली. पांढऱ्या केसांची एक बट ओट्यावर माझ्या शेजारी पडली. भागाबाई ओरडली नाही. तिनं नुसते डोळे मिटून घेतले, आणि मी जिवंत असतो तर मला रडू आलं असतं.

"सोडा तिला!"

उषा होती. हाताला कणीक तशीच, पायात चप्पल नाही. मागे वंदना, पांढरीफटक. गोटूचा फोटो फिरत फिरत वंदनाच्या मोबाईलवर गेला होता. पोरीनं आईला सगळं सांगितलं होतं. ऐकून उषा उठली ती थेट निघाली म्हणे.

गर्दी सरकली. उषा गंजलेलं दार ढकलून सरळ पिंजऱ्यात शिरली.

"बाई, हात नका लावू!" सुपडू ओरडला.

तिनं मला उचललं. दोन्ही हातांनी, कणकेच्या. "माझ्या लग्नातला डबा," ती म्हणाली, आणि मला सावकाश फिरवत मोठ्यानं वाचलं, "भागाबाई उखर्डू यांजकडून, चि. उषास, सप्रेम भेट. मी उषा. वाचता येतं ना सगळ्यांना? मग पूर्ण का नाही वाचलं?"

पण राग असा लगेच निवत नाही, त्याला नवं घर लागतं. "मंग करनी तू केली का?" मागून कोणी तरी म्हणालं, आणि पुन्हा कुजबुज चढली. कात्रीवाला अजून कात्री धरून उभा होता.

तेव्हा वंदना पुढे आली. "डबा मी ठेवला. खेळ आहे तो. मोबाईलवर..."

"मोबाईल पे डब्बा? पागल समजा क्या?" गोटू म्हणाला.

वंदनानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती कमलसमोर खाली बसली. "ताई, दुर्गाकडे प्लास्टिकचा बिबट्या आहे का? पिवळा? एक कान तुटलेला?"

कमलचं रडणं एकदम थांबलं.

"या खेळात एक वस्तू घेतली की आपली एक ठेवायची असते. बिबट्या माझा होता. तो तिनं घेतला आणि बाहुली ठेवली. नाव तिनंच लिहिलं. केस पण तिनंच कापले, बाहुलीला टक्कल पडलं होतं म्हणून. तुम्ही माराल म्हणून बोलली नाही. मी पण नाही बोलले. चूक माझी आहे, ताई. मावशींची नाही."

कमल हळूच म्हणाली, "मुठीत हाय तिच्या. तापात बी सोडत नाय. मले वाटलं शेजारच्या पोरीचा असन." आणि तिनं तिथेच ओट्याला डोकं टेकलं.

गर्दी कशी पांगली सांगू? कोणी माफी मागितली नाही. कोणाला एकदम दुकान आठवलं, कोणाला दूध आठवलं. गोटूनं मोबाईल खिशात घातला आणि गेलेला फोटो आता थोडाच परत येतोय, असं पुटपुटत निघाला. कात्री मात्र ओट्यावरच राहिली. 'माझी' म्हणून कोणी उचलली नाही.

उषेनं भागाबाईचा पदर नीट डोक्यावरून घेतला. "मावशी, माझं नाव का नाही घेतलं?"

"तुह्या घरात लग्नाची पोर हाय, उषे," भागाबाई म्हणाली. "माह्यं काय, मी म्हातारी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तरी म्हनलं होतं, झाकन ढिल्लं हाय याचं."

दुर्गाचा ताप उतरला. वंदनानं नकाशावरचा माझा ठिपका पुसून टाकला. पण फाटकाशी शेगडी लागली नाही. लोक येता-जाता मोकळी जागा बघायचे आणि नजर फिरवून जायचे. उषा रोज जाऊन समजावायची, भागाबाई घराबाहेर निघायची नाही. शेवटी एक दिवस उषेनं मला घासून लख्ख केलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

"दिलेलं वापस घेत नसते मी," भागाबाई म्हणाली.

"परत कुठे देतेय? वापरा. मीठ ठेवा यात."

भागाबाईनं मला हातात घेतलं, कडी उघडली, लावली. मग दुसऱ्या दिवशी शेगडी पेटली.

तेव्हापासून मी फाटकाशी असतो. माझ्यात तिखट-मीठ असतं. भागाबाई मला शेगडीपुढे ठेवते, नावाची बाजू गिऱ्हाइकाकडे करून. आणि तिनं एक नवी पद्धत काढली आहे. पूर्वी ती स्वतः लिंबू मिठात बुडवून भुट्ट्याला चोळून द्यायची. आता ती भाजलेला भुट्टा हातात देते, लिंबाची फोड देते आणि म्हणते, "मीठ आपलं आपन घ्या." म्हणजे मला हात लावल्याशिवाय भुट्टा खाता येत नाही. सुपडू आला. घुटमळला. घेतलं. गोटू आला, "आजी, तिखा डालो ना" म्हणाला. तिनं नुसतं माझ्याकडे बोट केलं. मला काठीनं ढोसणारे, मला हात लावू नका म्हणणारे, एकेक करून वाकले आणि त्यांनी माझ्यात लिंबू बुडवलं. भागाबाई त्यांच्याकडे फक्त बघते.

काल कमल आली. दुर्गाचं बोट धरून. पोरीच्या मुठीत तो बिबट्या होताच. कमल लांब उभी राहिली, पुढे येईना. भागाबाईनं एक कोवळा भुट्टा निवडून भाजला, दुर्गाच्या हातात दिला आणि लिंबाची फोड कमलसमोर धरली. तिनं फोड घेतली, माझ्यात बुडवली आणि लेकीच्या भुट्ट्याला चोळू लागली. चोळता चोळता तिचे डोळे वाहू लागले. भागाबाई म्हणाली, "पुरे वं बाई, खारट होईन." आणि पदरानं तिचे डोळे पुसले.

तेव्हा पदर डोक्यावरून जरा सरकला. कापलेली बट अजून वाढलेली नाही. कमलनं ती पाहिली आणि मान खाली घातली.

तर असा मी. कधी बुऱ्हाणपूरला आलात तर जुन्या बागेच्या फाटकाशी थांबा. भुट्टा घ्या. मीठ घ्यायच्या आधी मात्र एकच करा, मला हातात घेऊन एकदा पूर्ण फिरवा आणि माझ्यावर लिहिलेलं शेवटपर्यंत वाचा. आणि झाकण नीट लावा बरं, ते खरंच ढिलं आहे.